सीसी, फेरे आणि हवा: अमेरिकी स्पोर्ट्स कारच्या इंजिनांतला खरा फरक

२०१८ साली अमेरिकेत ज्या ग्राहकाला फोर्ड मस्टँग जीटी आणि शेव्हरोले कॅमॅरो एसएस यांपैकी एक गाडी घ्यायची होती, त्याच्यापुढे कागदावर एक कोडेच होते. मस्टँगचे ५,०३८ सीसीचे इंजिन ४६० अश्वशक्ती देत होते आणि कॅमॅरोचे ६,१६२ सीसीचे इंजिन ४५५. दोन्ही इंजिने आठ सिलिंडरची, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात मांडलेली आणि टर्बो किंवा सुपरचार्जर या हवा दाबून आत भरणाऱ्या यंत्रांची मदत न घेणारी होती. तरीही जवळजवळ तेवढीच शक्ती मिळवायला शेव्हरोलेला एक लिटरहून अधिक जादा घनफळ लागत होते. आपल्याकडे पेट्रोल मोटारीचे इंजिन १,२०० सीसीच्या आत आहे की बाहेर, यावर कराचा दर बदलतो. त्यामुळे कमी सीसीतून जास्त शक्ती काढणारा तो हुशार, असे आपले मन लगेच ठरवून मोकळे होते. या दोन इंजिनांच्या बाबतीत हा निवाडा टिकत नाही, आणि तो का टिकत नाही हे कळले की अमेरिकी स्पोर्ट्स कारच्या बाकीच्या इंजिनांचेही बरेच काही उलगडते.

सीसी म्हणजे सर्व पिस्टन खालून वरपर्यंत सरकताना जेवढी जागा व्यापतात, तिचे माप. मात्र इंजिनाची शक्ती त्या जागेतून येत नाही, ती जागा मिनिटाला किती वेळा भरते आणि रिकामी होते यावरून येते. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांमध्ये एकदाच हवा आत घेतो, म्हणून घनफळाला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून दोनाने भागले की आत जाऊ शकणाऱ्या हवेचा ढोबळ हिशेब मिळतो. कॅमॅरोचे इंजिन कमाल शक्ती ६,००० फेऱ्यांवर देते, तेव्हा हा आकडा मिनिटाला सुमारे १८,५०० लिटर येतो. मस्टँगचे इंजिन ती ७,००० फेऱ्यांवर देते, तिथे तो सुमारे १७,६०० लिटर येतो. म्हणजे दोन्ही इंजिने जवळपास तेवढीच हवा ओढतात, तेवढ्याच प्रमाणात पेट्रोल जाळतात आणि म्हणूनच तेवढीच शक्ती देतात. विहिरीतून पाणी शेंदणाऱ्या दोघांपैकी एकाची बादली मोठी आणि हात संथ, दुसऱ्याची बादली लहान आणि हात चपळ, पण तासाभरात हौद दोघांचाही तेवढाच भरतो, असा हा प्रकार आहे.

हेच सूत्ररूपात मांडायचे तर शक्ती म्हणजे टॉर्क (क्रँकशाफ्ट फिरवणारा जोर) गुणिले फेरे. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घेऊन त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणले आणि ९,५४९ ने भागले, की शक्ती किलोवॅटमध्ये मिळते. घनफळ मोठे असेल तर टॉर्क सहज मिळतो आणि फेरे कमी असले तरी भागते. घनफळ लहान असेल तर फेरे वाढवावे लागतात. कॅमॅरोचा कमाल टॉर्क ६१७ न्यूटन-मीटर आणि मस्टँगचा ५६९ होता. चालवताना या फरकाचा अर्थ असा, की गिअर न बदलता पुढच्या ट्रकला ओलांडायचे असेल तर कॅमॅरो अॅक्सिलरेटर दाबताच निघते, तर मस्टँगमधून तसाच जोर हवा असेल तर गिअर खाली आणून इंजिन वर खेचावे लागते. काहींना नेमके हे वर खेचणेच आवडते, आणि त्यांना दोष देता येत नाही.

आता प्रश्न उरतो तो असा, की दोन कंपन्यांनी इतके वेगळे रस्ते का धरले. त्याचे उत्तर व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा, उघडण्याच्या पद्धतीत आहे. शेव्हरोलेच्या या इंजिनात एकच कॅमशाफ्ट असतो आणि तो खाली, सिलिंडरांच्या दोन्ही रांगांच्या मधल्या खोबणीत बसवलेला असतो. त्याच्यावरचे उंचवटे फिरताना लिफ्टरला वर ढकलतात, लिफ्टर एका लांब दांडीला, म्हणजे पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड सिलिंडर हेडवरच्या रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला. प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, एकूण सोळा. ज्यांनी रॉयल एन्फील्डची जुनी बुलेट उघडलेली पाहिली आहे, त्यांना ही रचना नवी नाही. तिच्या ३५० सीसी इंजिनात पुशरॉडच होते, आणि २०२० साली मीटिअरबरोबर आलेल्या नव्या इंजिनात कॅमशाफ्ट वर, हेडमध्ये गेला. फोर्डच्या ‘कायोटी’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या इंजिनात २०११ पासून प्रत्येक रांगेच्या डोक्यावर दोन, असे एकूण चार कॅमशाफ्ट आणि बत्तीस व्हॉल्व्ह आहेत.

चार व्हॉल्व्हची रचना जास्त फेऱ्यांवर सरस ठरते याची कारणे दोन. सिलिंडरच्या गोल छतावर दोन मोठ्या झडपांपेक्षा चार लहान झडपा बसवल्या तर हवेला आत येण्यासाठी अधिक वाट मिळते. शिवाय लिफ्टर, दांडी, रॉकर हा सगळा लवाजमा सेकंदाला पन्नास-साठ वेळा मागेपुढे हलवायचा म्हणजे त्याचे वजन आडवे येते, स्प्रिंग त्याला वेळेवर परत आणू शकत नाही आणि व्हॉल्व्ह कॅमच्या मागे पडू लागतो. कॅमशाफ्ट थेट व्हॉल्व्हच्या डोक्यावर असला तर हलणारे वजनच कमी होते. त्यातच फोर्डला आत येणाऱ्या हवेच्या आणि बाहेर जाणाऱ्या वायूच्या व्हॉल्व्हची वेळ स्वतंत्रपणे पुढेमागे करता येते. एकच कॅमशाफ्ट असलेल्या शेव्हरोलेला दोन्ही वेळा एकत्रच सरकवाव्या लागतात. (ही अडचण डॉज या अमेरिकी कंपनीने २००८ च्या व्हायपर या गाडीत एका पोकळ कॅमशाफ्टच्या आत दुसरा कॅमशाफ्ट बसवून सोडवली होती. कल्पना नामी होती, पण तिचा फारसा प्रसार झाला नाही.)

इतके सगळे फोर्डच्या बाजूने असताना शेव्हरोलेची मालक जनरल मोटर्स पुशरॉडला चिकटून का राहिली? हा केवळ हट्ट होता, असे अनेक युरोपीय समीक्षक वर्षानुवर्षे सुचवत आले. दोन्ही इंजिने शेजारी ठेवून पाहिली की उत्तर डोळ्यांना दिसते. फोर्डचे पाच लिटरचे इंजिन शेव्हरोलेच्या सव्वासहा लिटरच्या इंजिनापेक्षा रुंद आहे. चार कॅमशाफ्ट, त्यांच्या साखळ्या आणि त्यांना सामावणारी मोठी हेडे ही सगळी जागा बाहेरच्या बाजूला आणि वर खातात. पुशरॉड इंजिनाची हेडे मात्र लहान आणि बुटकी राहतात, त्यामुळे ते गाडीत खाली बसते, बॉनेट खाली आणता येते आणि गुरुत्वमध्यही खाली जातो. अमेरिकेत हौशी मंडळी लहानशा जपानी गाड्यांमध्ये जनरल मोटर्सचे ‘एलएस’ मालिकेतले इंजिन बसवतात ते याच आटोपशीरपणामुळे. बाहेरून मोजले तर सीसीचा हा राक्षस प्रत्यक्षात लहान इंजिन आहे.

दुसरे कारण कराचे. युरोपातील अनेक देशांत आणि जपानमध्ये घनफळावर कर बसत असल्याने तिथल्या अभियंत्यांना लहान घनफळातून शक्ती पिळून काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. अमेरिकेत संघराज्याचा कर सीसीवर नाही, इंधनखपतीवर आहे, आणि मोठे इंजिन संथ फिरवले तर इंधनाचा खप आटोक्यात ठेवता येतो. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये त्यासाठी उंच गिअर दिले गेले, महामार्गावर आठपैकी चार सिलिंडर बंद ठेवण्याची सोय झाली, आणि मॅन्युअल गिअरच्या कॉर्व्हेटमध्ये तर अनेक वर्षे हळू चालवणाऱ्याला पहिल्या गिअरवरून थेट चौथ्यात ढकलणारी एक यंत्रणा होती. चालकांनी तिचा मनापासून तिरस्कार केला, पण कर वाचला. सिलिंडर बंद करण्याचे कामही पुशरॉड रचनेत तुलनेने सोपे असते, कारण लिफ्टर आतल्या आत दुमडला की दांडी हलतच नाही.

जनरल मोटर्सला दुसरा मार्ग माहीत नव्हता असेही नाही. १९९० च्या कॉर्व्हेट झेडआर-१ साठी त्यांनी ब्रिटनच्या लोटस कंपनीकडून चार कॅमशाफ्टचे, ५.७ लिटरचे इंजिन आखून घेतले आणि ते ओक्लाहोमातील स्टिलवॉटर येथे, बोटींची इंजिने बनवणाऱ्या मर्क्युरी मरीनकडे जोडले जाई. सुरुवातीला ३७५ आणि १९९३ पासून ४०५ अश्वशक्ती देणारे ते इंजिन गुंतागुंतीचे आणि अतिशय महाग होते, आणि १९९५ नंतर ते बंद झाले. २००२ च्या कॉर्व्हेट झेड०६ मध्ये त्याच ५.७ लिटर घनफळाच्या साध्या पुशरॉड इंजिनाने तेवढीच ४०५ अश्वशक्ती दिली. १९५५ साली शेव्हरोलेने पहिले लहान व्ही-आठ इंजिन आणले, तेव्हा शेजारच्या दोन सिलिंडरांच्या केंद्रांमधले अंतर ४.४ इंच ठेवले होते, आणि आजच्या साध्या कॉर्व्हेटच्या इंजिनातही ते तेवढेच आहे. सत्तर वर्षे एकाच मापाला धरून सुधारणा करत राहिले की काय साधते, याचे हे उदाहरण मला चार कॅमशाफ्टच्या सगळ्या गुणगानापेक्षा अधिक बोलके वाटते.

तरीही पुशरॉडची मर्यादा कधी ना कधी येतेच, आणि ती कुठे आली हे कॉर्व्हेट झेड०६ च्या दोन पिढ्यांची तुलना केली की नेमके दिसते. २००६ च्या झेड०६ मधील एलएस७ इंजिन पुशरॉडचे, सात लिटरचे होते. त्याच्या सिलिंडरचा व्यास १०४.८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १०१.६ मिलिमीटर होती, आणि ते ६,३०० फेऱ्यांवर ५०५ अश्वशक्ती देई. २०२३ च्या झेड०६ मधील एलटी६ इंजिन चार कॅमशाफ्टचे, साडेपाच लिटरचे आहे. व्यास १०४.२५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास तोच, पण धाव फक्त ८० मिलिमीटर, आणि ते ८,४०० फेऱ्यांवर ६७० अश्वशक्ती देते. आता कमाल शक्तीच्या क्षणी दोघांचा टॉर्क मोजला तर एलएस७ चा सुमारे ५७१ आणि एलटी६ चा सुमारे ५६८ न्यूटन-मीटर येतो. टॉर्क तेवढाच, फेरे एकतृतीयांशाने जास्त, म्हणून शक्तीही एकतृतीयांशाने जास्त, इतका स्वच्छ हिशेब क्वचितच जमतो.

यातली खरी मेख आहे ती टॉर्कपाशी. घनफळ दीड लिटरने घटूनही आणि फेरे इतके वाढूनही टॉर्क खाली आला नाही, हे खरे कसब आहे. जास्त फेऱ्यांवर सिलिंडर भरायला वेळ कमी मिळतो, आणि साधारण इंजिनात टॉर्क तिथेच ढासळतो. एलटी६ मध्ये चार व्हॉल्व्हनी ती वाट मोकळी ठेवली, सिलिंडरमध्ये थेट फवारलेल्या पेट्रोलाने आतली हवा थंड राहिली, आणि त्यामुळे एलएस७ चे ११ पट असलेले दाबाचे गुणोत्तर, म्हणजे पिस्टन आतली हवा किती पट आकसवतो ते प्रमाण, १२.५ पटीपर्यंत नेता आले. आखूड धावेचा फायदा वेगळाच. ७,००० फेऱ्यांवर एलएस७ चा पिस्टन सरासरी सेकंदाला २३.७ मीटर वेगाने धावतो, तर एलटी६ चा पिस्टन ८,६०० फेऱ्यांवरही २२.९ मीटरच. इंजिन अधिक जोरात किंचाळते, पण आतला पिस्टन उलट किंचित निवांत असतो.

एलटी६ चा क्रँकशाफ्टही वेगळा आहे. नेहमीच्या अमेरिकी व्ही-आठ इंजिनात कनेक्टिंग रॉड ज्यांना जोडलेले असतात त्या चार खुंट्या एकमेकींशी काटकोनात असतात. टोकाकडून पाहिले तर अधिकचे चिन्ह दिसते. ही रचना जड प्रतिवजने मागते, पण कंपने छान जिरवते. तिच्यात एकाच रांगेतले दोन सिलिंडर कधी कधी लागोपाठ पेटतात, त्यांचे वायू एकाच नळीत एकमेकांना आडवे येतात आणि त्यातूनच मस्टँगची ती ओळखीची, अडखळती गुरगुर निघते. दुसऱ्या पद्धतीत चारही खुंट्या एकाच पातळीत, निम्म्या एका बाजूला आणि निम्म्या विरुद्ध बाजूला असतात. मग डावी-उजवी रांग आळीपाळीने पेटते, वायू सुरळीत बाहेर पडतात, क्रँकशाफ्ट हलका होतो आणि फेरे झटकन चढतात. फेरारीची व्ही-आठ इंजिने याच पद्धतीची. किंमत मोजावी लागते ती कंपनांत, आणि पिस्टन जितका जड व धाव जितकी लांब तितकी ती वाढतात.

या पद्धतीचे पहिले धाडस मात्र शेव्हरोलेचे नव्हे, फोर्डचे. शेल्बी जीटी३५० या मस्टँगमध्ये फोर्डने ५.२ लिटरचे ‘वूडू’ इंजिन आणले. ५२६ अश्वशक्ती आणि कमाल ८,२५० फेरे. फेरारी ४५८ ची धाव ८१ मिलिमीटर होती आणि शेव्हरोलेनेही पुढे ८० निवडली, पण फोर्डने ती ९३ ठेवली. त्यामुळे कमाल फेऱ्यांवर वूडूचा पिस्टन सरासरी सेकंदाला साडेपंचवीस मीटरच्या पुढे जातो. थरथर सहन करून, थोड्या हट्टाने घडवलेले हे इंजिन आहे, आणि या लेखातल्या सगळ्या इंजिनांत माझे सर्वांत आवडते तेच. पुढच्या जीटी५०० मध्ये फोर्डनेच सुपरचार्जर बसवताना जुना, काटकोनी क्रँकशाफ्ट परत आणला, यात बरेच काही आले.

घनफळ वाढवायचे नाही, फेरेही वाढवायचे नाहीत, तर तिसरी वाट म्हणजे हवा कोंबणे. डॉजने ती सर्वांत उघडपणे धरली. २०१५ च्या चॅलेंजर हेलकॅटचे ६.२ लिटरचे ‘हेमी’ नावाचे इंजिन पुशरॉडचेच, प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, पण क्रँकशाफ्टवरच्या पट्ट्याने फिरणारा सुपरचार्जर त्यात वातावरणाच्या दाबावर आणखी सुमारे ०.८ बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) दाबाने हवा भरतो. आदर्श स्थितीत हा हिशेब अकरा लिटरच्या इंजिनासारखा होतो. परिणाम ७०७ अश्वशक्ती. पण हा सुपरचार्जर फिरवायला पूर्ण वेगात इंजिनाचीच सुमारे ८० अश्वशक्ती खर्ची पडते. दाबलेली हवा तापते, तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधी पेटण्याचा धोका असतो, म्हणून दाबाचे गुणोत्तर ९.५ वर आणावे लागले आणि हवा थंड करणारी पाण्याची वेगळी यंत्रणा जोडावी लागली.

इथे इंधनाचाही संबंध येतो. डॉजच्याच २०२३ च्या डीमन १७० या गाडीत साधारण दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर ९०० अश्वशक्ती मिळते आणि पंच्याऐंशी टक्के इथेनॉलवर १,०२५. इथेनॉल बाष्प होताना पुष्कळ उष्णता शोषते आणि अवेळी पेटायला नकार देते, त्यामुळे तेच इंजिन अधिक दाब सोसते. महाराष्ट्रात उसापासूनच्या इथेनॉलची चर्चा मायलेज कमी होण्याभोवती फिरते, आणि ती तक्रार रास्तही आहे, कारण लिटरमागे त्यात ऊर्जा कमीच असते. पण साध्या इंजिनाला इथेनॉलच्या या गुणाचा उपयोग करून घेता येत नाही. तो करून घेण्यासाठी इंजिन मुळातच जास्त दाबाचे असावे लागते.

शेव्हरोलेने २०२५ च्या झेडआर१ मध्ये साडेपाच लिटरच्या त्या चार कॅमशाफ्टच्या इंजिनाला दोन टर्बो जोडले आणि १,०६४ अश्वशक्ती काढली. टर्बो बाहेर जाणाऱ्या वायूंवर फिरतो, म्हणून क्रँकशाफ्टवर सुपरचार्जरसारखा थेट भार पडत नाही. मात्र वायूंचा प्रवाह वाढून तो फिरू लागेपर्यंत क्षणभर वाट पाहावी लागते, आणि ती वाट कमी करण्यातच अभियंत्यांचा बराच वेळ जातो.

आकड्यांची तुलना करताना एक खबरदारी घ्यावी. १९७१ पर्यंतचे अमेरिकी आकडे इंजिन टेबलावर सुटे ठेवून, सायलेन्सर आणि पूरक यंत्रांविना मोजलेले असत. १९७२ पासून गाडीत बसते तसे मोजायची पद्धत रूढ झाली. त्यामुळे १९६६ च्या हेमी इंजिनाची ४२५ अश्वशक्ती आणि आजच्या गाडीची ४२५ अश्वशक्ती या एकाच तागडीत घालण्याच्या गोष्टी नाहीत.

आणि शक्ती कळली म्हणून वेग कळला असेही होत नाही. पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीत ७०७ अश्वशक्तीच्या हेलकॅटला रस्त्यावरच्या टायरांनिशी ११.२ सेकंद लागले. इंजिन मधोमध असलेल्या २०२० च्या कॉर्व्हेटसाठी जनरल मोटर्सने सांगितलेला वेळही तेवढाच, ११.२ सेकंद, आणि तिची शक्ती ४९५. फरक शेवटच्या रेषेवरच्या वेगात दिसतो: हेलकॅट ताशी सुमारे २०१ किलोमीटरने रेषा ओलांडते, कॉर्व्हेट सुमारे १९५ ने. म्हणजे हेलकॅटची जादा शक्ती खरी आहे, पण सुरुवातीच्या मीटरांत तिची चाके ती जमिनीत उतरवू शकत नाहीत. दोन टनांची गाडी, वजनाचा मोठा वाटा पुढे आणि ओढणारी चाके मागे. कॉर्व्हेट तिच्यापेक्षा साडेतीनशे किलोहून अधिक हलकी, आणि तिच्या इंजिनाचा भार चालकाच्या पाठीमागे, म्हणजे थेट ओढणाऱ्या चाकांच्या बाजूला. शर्यतीचे टायर लावताच हेलकॅटचा वेळ १०.८ सेकंदांवर आला, तेही इंजिनाला हात न लावता.

वळणांच्या रस्त्यावर शक्तीचा वाटा आणखी घटतो. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या फेरीत ८१५ अश्वशक्तीच्या मस्टँग जीटीडीने २०२५ मध्ये ६ मिनिटे ५२.०७२ सेकंद वेळ दिला. त्याच वर्षी १,०६४ अश्वशक्तीच्या कॉर्व्हेट झेडआर१ ने ६ मिनिटे ५०.७६३ सेकंद. जवळपास अडीचशे अश्वशक्तीच्या बदल्यात सव्वा सेकंदाहून किंचित अधिक. यात मस्टँगच्या बाजूने, हवेच्या जोराने गाडी खाली दाबणाऱ्या पंखांची सरकती रचना होती आणि चालक व्यावसायिक शर्यतपटू होता, तर कॉर्व्हेट कंपनीच्याच अभियंत्याने चालवली. त्याच कॉर्व्हेटच्या झेडआर१एक्स या आवृत्तीत पुढच्या चाकांना वीजमोटर जोडून एकूण शक्ती १,२५० अश्वशक्तीवर नेली आहे, आणि तिने ६ मिनिटे ४९.२७५ सेकंदांत फेरी पुरी केली: आणखी १८६ अश्वशक्ती, आणखी दीड सेकंद.